चिमणीचे दार : समूहकथन आणि मुलांची सामाजिक जडणघडण



महाराष्ट्रातील असंख्य घरांत मुलांच्या कानावर पडणारी पहिली गोष्ट चिमणी-कावळ्याची असते. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. मोठा पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा भिजत भिजत चिमणीच्या दाराशी येतो. तो दार ठोठावतो. चिमणी आतून सांगते, थांब, बाळाला न्हाऊ घालते आहे. मग अंग पुसायचे असते, मग काजळ घालायचे असते, मग तीट लावायची असते. कावळा बाहेर भिजतच राहतो. पुढचा भाग घरोघरी निराळा आहे. कुठे चिमणी अखेर दार उघडून कावळ्याला चुलीपाशी ऊब देते, तर कुठे त्याच चुलीवर कावळ्याला चटका बसतो. आजीच्या मांडीवर ही गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला हसू येते ते चिमणीच्या न संपणाऱ्या सबबींचे. दाराबाहेर कुडकुडणाऱ्या कावळ्याकडे त्याचे लक्ष फारसे जात नाही, कारण सांगणारी आजी एकटी असते आणि तिचा आवाज बहुधा चिमणीच्या घरातून येत असतो.

हीच गोष्ट आठ-दहा मुलांनी गोल बसून, एकेक वाक्य जोडत, मिळून सांगायची ठरवली, की काहीतरी वेगळे घडते. आता कुणाला तरी कावळा व्हावेच लागते. चिमणी तिसऱ्यांदा ‘थांब’ म्हणाली, की त्या मुलाला तिसऱ्यांदा थांबावे लागते, आणि पुढचे वाक्य त्याने सांगायचे असते. मग कुणी म्हणते, कावळ्याने खिडकीतून आत पाहिले. कुणी म्हणते, कावळा शेजारच्या साळुंकीकडे गेला. एखादी लहान मुलगी एकदम म्हणून जाते, की चिमणीच्या बाळानेच आतून कडी काढली. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या कथेतले बंद दार मुलांच्या हातून उघडते, आणि ते उघडावे असे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. गोष्ट ऐकणे ही एक गोष्ट आणि गोष्ट मिळून सांगणे ही दुसरी. पहिलीने मुलाला भाषा मिळते, कल्पनाशक्ती मिळते, चांगल्या-वाईटाची ओळख होते. दुसरीने मात्र त्याला दुसऱ्यासाठी जागा करण्याची सवय लागते. आपल्या समाजात पहिलीची परंपरा अत्यंत समृद्ध आहे. दुसरीची फार तुरळक.

कथेची श्रीमंती जैन समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. दिगंबर परंपरेत प्रथमानुयोग आणि श्वेतांबर परंपरेत धर्मकथानुयोग या नावाने कथेला शास्त्राच्या चार विभागांपैकी एका विभागाचे स्थान मिळालेले आहे. गहन तत्त्व सामान्य जनांपर्यंत पोहोचवायचे तर ते कथेच्या पालखीतून न्यावे लागते, हे आचार्यांनी ओळखले होते. व्यापक मराठी समाजातही कीर्तनकाराचा उत्तररंग कथेवरच उभा असतो. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. तिच्यातही श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो आणि मित्र दुसऱ्या रात्रीची वाट पाहत राहतात. गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामाला उभी केली आणि गावोगावी मुलांना गोष्टी ऐकायला मिळाल्या. हे सारे थोर कार्य आहे. तरीही या प्रत्येक चित्रात सांगणारा एक आहे आणि ऐकणारे अनेक. मुलांची तोंडे एकाच दिशेला आहेत. शेजारी बसलेल्या मुलाशी त्यांचा संबंध येतो तो फक्त कोपर लागल्यापुरता.

गोष्टीत मुलांना एकत्र बांधण्याची शक्ती आहे, हे आपल्याकडे ज्यांनी शाळेच्या वर्गात सिद्ध करून दाखवले, त्यांत गिजुभाई बधेका यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १८८५ मध्ये सौराष्ट्रात जन्मलेले गिजुभाई व्यवसायाने वकील होते. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याच्या शिक्षणाचा विचार करता करता ते बालशिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. मिशा राखणाऱ्या या गृहस्थाला लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. यापेक्षा मोठी पदवी कोणत्या विद्यापीठाने दिली असती?

त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील प्रयोगशील शिक्षक चौथीचा एक वर्ग हाती घेतो. पहिल्या दिवशी तो मोठ्या आशेने मुलांना शांततेचा खेळ खेळायला सांगतो आणि त्याची पुरती फजिती होते. मुले आरडाओरडा करतात, एकमेकांच्या खोड्या काढतात. दुसऱ्या दिवशी तो उपदेशही करत नाही आणि दटावणीही करत नाही, सरळ गोष्ट सुरू करतो. आदल्या दिवशी न आवरणारी मुले त्याच्याभोवती सरकून बसतात. गोष्ट अर्धवट थांबली की उद्यासाठी ती हवी म्हणून स्वतःच शिस्त पाळतात. पुढे याच वर्गातली मुले पाठ केलेल्या संवादांच्या ओझ्याशिवाय, ऐकलेल्या गोष्टींचे नाटक करू लागतात. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हा बालशिक्षणाचा विचार महाराष्ट्रात रुजवला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांच्या अंगणात गेले. अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर सांभाळले. ‘अंगणवाडी’ हा आज सर्वतोमुखी असलेला शब्द त्याच कामातून आला.

भावनगरचा वर्ग गोष्टीमुळे शांत झाला. परंतु वर्ग शांत होणे आणि वर्गातली मुले एकमेकांची होणे यांत अंतर आहे. ते अंतर गोष्टीनेच कसे ओलांडता येते, याचा सर्वांत चिकाटीने केलेला अभ्यास मात्र भारताबाहेर, अमेरिकेतील शिकागो शहरात एका बालवर्गाच्या शिक्षिकेने केला. तिचे नाव व्हिव्हियन पेली. १९२९ मध्ये जन्मलेल्या आणि २०१९ मध्ये निवर्तलेल्या पेलीबाईंनी सदतीस वर्षे लहान मुलांना शिकवले. त्यांतील बराच काळ त्या शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशाळा-विद्यालयात होत्या. १९८९ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. बालवर्गाच्या शिक्षिकेला असा मान मिळावा, ही विरळा गोष्ट होय.

त्यांची पद्धत दिसायला अगदी साधी होती. वर्गात एक टेबल असे. ज्या मुलाला गोष्ट सांगायची असेल त्याने तिथे यावे, शेजारी बसावे आणि सांगावे. बाई ती गोष्ट मुलाच्याच शब्दांत, व्याकरण न सुधारता, कागदावर उतरवून घेत. चार वर्षांच्या मुलाची गोष्ट कित्येकदा दोन-तीन वाक्यांची असते. एक वाघ होता, तो आईकडे गेला, संपली. टेबलाभोवती इतर मुलेही रेंगाळत असत, प्रश्न विचारत, सूचना करत. सांगणाऱ्याला पटली तर सूचना गोष्टीत येई, न पटली तर नाही. मग दिवसाच्या अखेरीस सर्व मुले गोल बसत, बाई गोष्ट वाचत आणि मुले ती करून दाखवत. ज्याची गोष्ट, तो आपली भूमिका निवडे, आणि बाकीचे वाघ, आई, झाड, पाऊस होत.

यात सामाजिक शिक्षण कुठे आहे, असे कोणी विचारील. ते जवळजवळ प्रत्येक पायरीवर आहे. आपल्या मनातला वाघ दुसऱ्याने वठवायचा, तर तो कसा चालतो हे त्याला कळेल असे सांगावे लागते. दुसऱ्याच्या गोष्टीत झाड व्हायचे, तर आपल्याला उड्या मारायच्या असल्या तरी स्थिर उभे राहावे लागते. आपली गोष्ट आज व्हावी असे वाटत असेल, तर आधी तिघांच्या गोष्टी पाहाव्या लागतात. ‘वाट पाहा’, ‘वाटून घे’, ‘ऐकून घे’ हे जे उपदेश आई-वडील दिवसातून वीस वेळा करतात, ते इथे न उच्चारता पाळले जातात. कारण ते पाळले नाहीत तर गोष्टच होत नाही.

पेलीबाईंच्या १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकात जेसन नावाच्या मुलाची हकिकत आहे. हा मुलगा वर्गात एकटाच एक हेलिकॉप्टर घेऊन फिरे. त्या हेलिकॉप्टरचे पाते नेहमी मोडलेले असे आणि ते दुरुस्त करण्यात तो इतका गढलेला असे, की कोणी काही विचारले तर उत्तर देत नसे. मधूनच घरघर करत तो इतरांच्या खेळात घुसे आणि खेळ विस्कटून टाके. अशी मुले प्रत्येक पाठशाळेत, प्रत्येक सोसायटीच्या अंगणात असतात आणि त्यांच्यासाठी ठेवणीतले शब्दही असतात. हट्टी, एकलकोंडा, वाया गेलेला. पेलीबाईंनी ते हेलिकॉप्टर काढून घेतले नाही. त्यांनी गोष्टींचा रोजचा क्रम चालू ठेवला. हळूहळू इतर मुलांच्या गोष्टींत हेलिकॉप्टर येऊ लागले, त्याला उतरायला जागा केली जाऊ लागली. आपले यंत्र दुसऱ्याच्या गोष्टीत उतरू शकते हे जेसनला कळायला बरेच महिने लागले. संपूर्ण पुस्तक त्या महिन्यांचे आहे आणि बाई आपल्या चुकाही त्यात लपवत नाहीत.

त्यांनी आणखी एक धाडस केले. वर्गात त्यांनी एक नियम आणला, ‘तू आमच्यात खेळायचे नाहीस, असे कुणी कुणाला म्हणायचे नाही.’ नियम आणण्यापूर्वी त्या पाचवीपर्यंतच्या वर्गांत जाऊन मोठ्या मुलांशी चर्चा करून आल्या. नियम न्याय्य आहे हे मोठ्या मुलांना पटत होते, पण तो पाळला जाईल यावर त्यांचा विश्वास नव्हता. दहा वर्षांच्या वयातच माणसाचा हा विश्वास उडालेला असावा, ही गोष्ट पालकांना अस्वस्थ करणारी आहे. याच काळात पेलीबाई आपल्या बालवर्गाला एका मॅग्पाय पक्ष्याची गोष्ट भागाभागाने सांगत होत्या. एकट्या पडलेल्यांना तो पक्षी शोधून काढतो. मॅग्पाय हा पक्षी कावळ्याच्याच कुळातला. चिमणीच्या दाराशी भिजणारा आपला कावळा शिकागोत जाऊन इतरांसाठी दारे ठोठावू लागला, असे म्हणायला हरकत नाही.

त्यांच्या पद्धतीचा प्रसार पुढे इंग्लंडमध्येही झाला. तिथे ट्रिशा ली यांच्या संस्थेने ती ‘हेलिकॉप्टर स्टोरीज’ या नावाने शाळाशाळांत नेली. त्यात जमिनीवर चिकटपट्टीने एक चौकोन आखतात, मुले त्याच्या कडेने बसतात आणि भूमिका रांगेने फिरतात. ज्याची पाळी, तो पुढचे पात्र. मग कधी मुलगा आई होतो आणि कधी सर्वांत बुजरी मुलगी राक्षस होते. ही बारीकशी सुधारणा फार मोलाची आहे. पात्रांची निवड लोकप्रिय मुलांच्या हाती राहिली, तर समूहकथनातही तेच चार जण रंगतात आणि तेच चार जण भिंतीला टेकून बसतात. अमेरिकेत अँजेलिकी निकोलोपोलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी उत्पन्न गटातील बालवाडीच्या मुलांमध्ये या पद्धतीचा अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची कथा समजण्याची क्षमता वाढलीच, पण स्वतःला आवरण्याची शक्तीही वाढली आणि इतरांचा खेळ विस्कटण्याचे प्रमाण घटले.

मुलाला दुसऱ्याचे मन केव्हा कळू लागते, याचा शोध मानसशास्त्रज्ञांनीही गोष्टीच्याच आधारे घेतला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या संशोधकांनी मुलांना मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. मॅक्सी आपले चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आता मॅक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधील? लहानगी मुले ठामपणे म्हणतात, दुसऱ्या कपाटात, कारण चॉकलेट तिथे आहे. मॅक्सीला ते माहीत नाही, हे त्यांच्या लक्षात येत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास बहुतेक मुलांना उमगू लागते, की आपल्याला ठाऊक असलेले दुसऱ्याला ठाऊक नसू शकते. भांडणे मिटण्याची सुरुवात इथून होते. ‘त्याने मुद्दाम केले’ आणि ‘त्याला माहीत नव्हते’ यांतला फरक ज्या मुलाला कळतो, त्याचा हात उगारलेला असला तरी क्षणभर थबकतो. अनेकान्ताचा वारसा सांगणाऱ्या समाजाला या शोधात परके काही वाटू नये.

आता पाठशाळेकडे वळू. ज्ञाताधर्मकथेतील रोहिणीची कथा अनेकांना परिचित आहे. राजगृहातील धन्य सार्थवाह आपल्या चारही सुनांना साळीचे पाच-पाच दाणे देतो आणि सांगतो, हे जपून ठेवा, मागेन तेव्हा परत द्या. उज्झिका ते टाकून देते, भोगवती खाऊन टाकते, रक्षिका दागिन्यांच्या डब्यात जपून ठेवते आणि रोहिणी पेरायला लावते. पाच वर्षांनी सासरा दाणे मागतो, तेव्हा रोहिणीचे धान्य आणायला गाड्या लागतात. सांगणारा एकटा असला, की तो घाईने रोहिणीपाशी पोहोचतो, कारण बोध तिथे आहे. तीन सुना वाटेतले दगड होतात.

चार मुलांनी चार सुना होऊन हीच कथा सांगितली तर काय होते पाहा. उज्झिका झालेल्या मुलीला कारण द्यावेच लागते. मूळ कथेत ते कारण आहेही! सासऱ्यांच्या कोठारात साळीची रास आहे, मागतील तेव्हा तिथले पाच दाणे देता येतील, असा विचार तिने केला. तो विचार मूर्खपणाचा नाही, अर्धवट आहे. आणखी एक बारकावा मोठ्यांच्या सांगण्यात बहुधा निसटतो. पाच वर्षांनी तिने कोठारातले दाणे आणून दिल्यावर सासऱ्याने शपथ घालून विचारले, हे तेच दाणे का? तेव्हा तिने खोटे सांगितले नाही. ते दाणे हे नव्हेत, असे तिने कबूल केले. पुढे तिच्या वाट्याला झाडलोटीचे काम आले. ‘खरे बोलूनही तिला केर काढायला का लावले?’ हा प्रश्न ऐकणारे मूल क्वचितच विचारते. उज्झिकेच्या तोंडून बोललेले मूल तो विचारल्याशिवाय राहत नाही. शिक्षकाने त्या प्रश्नाला घाबरू नये आणि त्याचे उत्तर देण्याची घाईही करू नये. रक्षिका आणि रोहिणी काय म्हणतात ते आधी ऐकावे. कथेचे तात्पर्य कुठे पळून जात नाही.

प्रत्यक्ष वर्ग कसा चालवावा, याची फार सामग्री लागत नाही. आठ-दहा मुले, गोल आखणी, पंधरा-वीस मिनिटे आणि हातात फिरवायला एखादी वस्तू पुरते. चिंचोका चालेल, सुपारी चालेल. वस्तू ज्याच्या हातात, तोच बोलेल. बोलायचे एक किंवा दोन वाक्ये. आधीच्याने सांगितलेले खोडायचे नाही, त्याला पुढे न्यायचे. आणि ज्याला सुचत नसेल त्याने ‘पुढे’ म्हणून वस्तू शेजाऱ्याला द्यावी, त्यात कमीपणा मानू नये.

काही ठिकाणी चिंचोक्याऐवजी लोकरीचा गुंडा वापरतात. दोर हातात धरून गुंडा आपल्याला हव्या त्या मुलाकडे टाकायचा. गोष्ट संपेपर्यंत मध्ये लोकरीचे जाळे विणले जाते. मुलांना हे फार आवडते, दिसतेही सुंदर. पण त्या जाळ्याकडे शिक्षकाने वेगळ्या दृष्टीने पाहायला हवे. कुणाच्या हाती पाच-सहा पदर आले आहेत आणि कुणाच्या हाती एकही नाही, हे त्या जाळ्यात दिसते. ज्याच्या हाती पदर नाही, त्याच्याविषयी वर्गात काही बोलू नये. पुढच्या आठवड्यात गुंडा बाजूला ठेवून चिंचोका काढावा आणि तो बसल्या क्रमाने फिरवावा.

अडचणी येतातच. प्रत्येक गटात एक तरी मूल असे असते, जे चिंचोका हाती येताच ‘आणि मग सगळे मेले’ म्हणून मोकळे होते. मोठ्यांचा पहिला विचार त्याला दटावण्याचा असतो. दटावू नये, चिंचोका पुढे जाऊ द्यावा. शेजारची मुलगी म्हणते, ‘पण ते स्वप्न होते,’ किंवा ‘मग पाऊस पडला आणि ते उठून बसले.’ कुणी बिघडवलेले मिळून सावरता येते, हे बिघडवणारा स्वतः पाहत असतो. दोन-चार वेळा त्याचा डाव असा गोड रीतीने उलटला, की त्याला मारण्यापेक्षा पुढे काय होईल याचीच अधिक उत्सुकता वाटू लागते. तोतरे बोलणारे मूल ही याहून नाजूक बाब आहे. त्याचे वाक्य मोठ्यांनी पूर्ण करू नये. सदिच्छेने केलेली ही मदत त्याच्या तोंडातली गोष्ट काढून घेते. नऊ मुले शांतपणे एका शब्दाची वाट पाहत बसली आहेत, यापेक्षा संयमाचा चांगला पाठ कोणत्या पुस्तकात नाही. आणि काही मुले आठवडेच्या आठवडे फक्त ‘पुढे’ म्हणतात. त्यांची हजेरी मांडून ठेवू नये. ती ऐकत असतात.

आपल्या पाठशाळांची एक खास संपत्ती आहे, तिच्याकडे आजवर अडचण म्हणूनच पाहिले गेले. एकाच सतरंजीवर मराठी, गुजराती, मारवाडी आणि दक्षिण महाराष्ट्रात कानडी बोलणाऱ्या घरांतली मुले बसतात. गोष्टीत आजी आली की तिला कुणी आजी म्हणते, कुणी बा, कुणी दादी, कुणी अज्जी. हा शब्द दुरुस्त करू नये. गोष्टीत एकाच म्हातारीला चार नावे पडली तरी ती म्हातारी बिघडत नाही, उलट तिला चार घरांची नातवंडे मिळतात. मिश्र वयाचेही तसेच. शाळेत सहा वर्षांचे आणि अकरा वर्षांचे मूल एका बाकावर येत नाही, पाठशाळेत येते. मोठ्या मुलाला आपले लांबलचक वाक्य आवरावे लागते, लहानग्याला मोठ्यांच्या पंगतीत बसल्याचा मान मिळतो.

इथे एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. वर्धापनदिन आला की बहुतेक संस्थांत कथाकथन स्पर्धा भरते. आईने लिहून दिलेली, आठवडाभर पाठ करून घेतलेली गोष्ट मूल हातवारे करत म्हणते, परीक्षक घड्याळ लावून गुण देतात, तिघांना चषक मिळतात. स्पर्धांनी सभाधीटपणा येतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याला समाजशीलतेचे शिक्षण समजणे ही मोठी गल्लत आहे. स्पर्धेत दुसऱ्याची गोष्ट चांगली होणे म्हणजे आपले नुकसान. गोलात दुसऱ्याची गोष्ट चांगली झाली नाही, तर आपल्याला जोडायला काही उरत नाही. एकाच दुपारी मुलाला या दोन्ही सवयी लागणे कठीण आहे. चषकांसाठी होणाऱ्या खर्चातील थोडा भाग कोऱ्या वह्यांसाठी वळवण्याचा विचार विश्वस्तांनी अवश्य करावा.

घरांची रचना बदलली, एका घरात एकच मूल आणि त्याच्या हातात स्वतंत्र पडदा, हे सर्वांनाच दिसते. २०२० च्या मार्चपासून महाराष्ट्रातले प्राथमिक वर्ग दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. शेजाऱ्याशी भांडून पुन्हा त्याच्याच डब्यातले खाण्याच्या वयात मुले चौकटीतल्या चेहऱ्यांकडे पाहत होती. पडद्यावरही गोष्टी असतात, त्यांतल्या काही उत्तमही असतात. पण पडद्यावरची गोष्ट मुलाची वाट पाहत नाही आणि मुलाला कुणाची वाट पाहायला लावत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कथाकथनावर आधारित अध्यापनाचा पुरस्कार केला आहे. धोरणात शब्द आला म्हणून वर्गात गोल बसले जातेच असे नाही. ज्यांना परीक्षेचे ओझे नाही अशा पाठशाळांनाच याची सुरुवात करणे अधिक सोपे आहे.

सुरुवातीसाठी कथा शोधत दूर जाण्याचे कारण नाही. अनेक जिनमंदिरांच्या भिंतींवर आणि पाठशाळेच्या पुस्तकांत जांभळाच्या झाडाचे ते चित्र असते. सहा भुकेले वाटसरू झाडापाशी येतात. एक म्हणतो झाड मुळापासून तोडू, दुसरा म्हणतो मोठ्या फांद्या तोडू, तिसरा लहान फांद्या, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली फळे तोडू म्हणतो, आणि सहावा खाली पडलेली जांभळे वेचू म्हणतो. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतचा हा क्रम मुलांना तोंडपाठ असतो. म्हणूनच भूमिका वाटायला घेतल्या, की सगळ्यांना सहावा व्हायचे असते आणि कुऱ्हाड हाती घ्यायला कोणी तयार नसते. इथे भूमिका चिंचोक्याच्या क्रमाने द्याव्यात. ज्याच्या वाट्याला कुऱ्हाड येईल, त्याला आधी विचारावे, तू किती दिवसांचा उपाशी आहेस, तुला झाडावर चढता येते का, घरी तुझी कोण वाट पाहते आहे. मग दुसऱ्याला विचारावे, की पहिल्याचे ऐकून तुला काय वाटले, आणि तू त्याला कसे थांबवशील. हात धरून, की समजावून, की आपल्या वाटची जांभळे देऊन?

चित्रात सहा माणसे आहेत, पण गोलात मुले त्याहून अधिक असतात. सातव्या मुलाला झाड करावे. सहाही जण बोलून होईपर्यंत त्याने उभे राहून सर्वांचे ऐकायचे. मग चिंचोका त्याच्या हाती द्यावा आणि ते जे बोलेल, ते त्याच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे.